कर्वे रोड नव्हता तेव्हा

परीक्षेचं सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात आलंय. एसटी नाही, ट्रेन नाही, गुगल मॅप तर नाहीच. तुम्ही गावातून निघता, डोंगर चढता, घाट ओलांडता, चारेक दिवस चालत राहता आणि एकदाचे सेंटरवर पोहोचता. वयाचा दाखला खिशात आहे, अभ्यास झालाय. आणि टेबलामागे बसलेले साहेब तुमच्या तोंडाकडे बघून ठरवतात की तुम्ही फारच लहान दिसता. परीक्षेला बसता येणार नाही. विषय संपला. आता आल्या वाटेने परत चाला.

ही गोष्ट खरोखर घडलेली आहे. साल १८७५. मुलाचं नाव धोंडू. गाव मुरूड, म्हणजे जंजिऱ्याचं नव्हे, दापोलीजवळचं. परीक्षा होती सहावीची. तेव्हा ती पास झालं की मास्तरकीची किंवा सरकारी नोकरीची वाट उघडायची, म्हणून तिला पब्लिक सर्व्हिसची परीक्षाच म्हणत. तिला बसायला सतरा वर्षं पूर्ण लागत. धोंडूची ती झाली होती. खरं तर त्याला मुंबईला जायचं होतं, पण पावसाळ्याचा समुद्र खवळलेला, बोट मिळेना. मग सोबतीला काही मुलं घेऊन तो कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला गेला. शंभर मैलांहून जास्त अंतर, पायी. अंगकाठी बारीक, चेहरा कोवळा. दाखला हातात असूनही त्याला परत पाठवलं गेलं.

पुढच्या वर्षी त्याने तीच परीक्षा पुन्हा दिली आणि तो पास झाला.

या शेवटच्या वाक्यात काहीच नाट्य नाही, हे लक्षात आलं का? साहेबाला धडा शिकवला, सगळ्यांची तोंडं बंद केली, असलं काही नाही. वर्ष गेलं, मुलाने परीक्षा परत दिली, एवढंच. पण हाच मुलगा पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे झाला, १०४ वर्षं जगला आणि त्याला भारतरत्न मिळालं. त्याचं सगळं आयुष्य बघितलं तर या साध्या वाक्याचीच पुनरावृत्ती दिसते. काहीतरी अडलं. त्याने परत केलं.

हल्ली आपण सगळेच रेझिलियन्स हा शब्द ऐकतो. काउन्सेलर बोलतात, इंटरव्ह्यूत विचारतात, रील्स तर विचारूच नका. मराठीत त्याला चिवटपणा म्हणा. आपल्या डोक्यात त्याचं एक फिल्मी चित्र असतं. हिरो कोसळतो, पाऊस पडतो, मागे गाणं वाजतं आणि तीन मिनिटांत तो जिंकलेला असतो. कर्व्यांची गोष्ट त्याच्या अगदी उलटी आहे. तिच्यात गाणं नाही, आहे ती नुसती चाल.

तेविसाव्या वर्षी मॅट्रिक

आधी एक गैरसमज काढून टाकू. कर्वे लहानपणापासून तडफदार, निडर वगैरे होते असं अजिबात नाही. ते कमालीचे लाजाळू होते. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्यांची पंचाईत व्हायची आणि हा संकोच त्यांना आयुष्यभर पुरला, हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलंय. मुरूडला त्यांना सोमण नावाचे गुरुजी लाभले. गावासाठी काही तरी करायला हवं, हे वेड त्यांच्यामुळे लागलं. लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवण्यासारखी कामं या बुजऱ्या मुलाकडून त्यांनीच करून घेतली.

घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण सरळ रेषेत झालंच नाही. मध्ये खंड पडला, आजारपण आलं, शाळा बदलल्या. मॅट्रिक झाले ते १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. आज तेविसाव्या वर्षी आपण मास्टर्स संपवत असतो आणि एक ड्रॉप घेतला तरी जग पुढे निघून गेल्यासारखं वाटतं. कर्वे मुंबईत शिकवण्या करत करत शिकले आणि १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजमधून गणित घेऊन बीए झाले. तोपर्यंत लग्न झालेलं होतं, मुलगाही झाला होता. संसार, कॉलेज आणि शिकवण्या असं तिन्ही एकाच वेळी चालू होतं.

पुढे मुलींच्या शाळांमध्ये आणि खासगी शिकवण्यांमध्ये त्यांचा जम बसला. आणि १८९१ मध्ये पत्नी राधाबाई गेल्या. कर्वे तेव्हा तेहतीस वर्षांचे, मुलगा रघुनाथ अजून लहान. (हाच रघुनाथ म्हणजे पुढे संततिनियमनाच्या प्रचारासाठी समाजाचा रोष पत्करणारे र. धों. कर्वे.) त्याच वर्षी पुण्याहून बोलावणं आलं. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते, फर्ग्युसन कॉलेजला गणित शिकवायला माणूस हवा होता आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कर्व्यांचं नाव सुचवलं. कॉलेजच्या मुलांपुढे उभं राहणं आपल्याला जमेल का, ही शंका मनात होतीच. शंका घेऊनच ते पुण्याला गेले आणि १९१४ पर्यंत तिथे शिकवत राहिले.

शंका पूर्ण जाईल तेव्हाच सुरुवात करू, असं म्हणत बसलो तर सुरुवात होतच नाही. इंटर्नशिपच्या फॉर्मवर सबमिट दाबायच्या आधी जे पोटात गोळा येणं असतं ना, ते त्यांनाही होतं.

स्वतःच्याच गावात परके

त्या काळात बायको गेलेल्या पुरुषाचं दुसरं लग्न पटकन लागायचं, आणि तेही दहा-बारा वर्षांच्या मुलीशी. नवरा गेलेल्या बाईचं मात्र केशवपन व्हायचं आणि उरलेलं आयुष्य माजघरात जायचं. कर्व्यांनी ठरवलं की लग्न केलंच तर विधवेशी.

त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झाली होती. ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती, तिथली ती पहिलीच विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात दोघांचं लग्न झालं. गोदूबाईंचं नाव आनंदीबाई झालं, पण सगळे त्यांना बाया म्हणत. बाया कर्वे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लग्नानंतर दोघं मुरूडला गेले, तेव्हा गावाने सभा भरवून त्यांना वाळीत टाकलं. त्यांच्याबरोबर कुणी बसायचं नाही. घरच्यांनी त्यांना घरात राहू दिलं तर घरच्यांवरही बहिष्कार. म्हणजे आई समोर, भाऊ समोर, आणि स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडायची सोय नाही. यातली बोचरी गोष्ट अशी, की याच गावाच्या भल्यासाठी कर्व्यांनी काही वर्षांपूर्वी आपल्या मिळकतीतला वाटा बाजूला काढून मुरूड फंड सुरू केला होता.

कॉलेजच्या ग्रुपमधून एकटं पडल्यावर काय होतं, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. ग्रुप चॅटवर आपला मेसेज तसाच पडून राहतो तेव्हा पोटात कसं होतं, तेही. इथे अख्खं गाव होतं. कर्व्यांनी गावाशी भांडण काढलं नाही आणि माफीही मागितली नाही. ते पुण्याला परतले, विधवाविवाहाला उत्तेजन देणाऱ्या मंडळाचं काम सुरू केलं आणि सोमवारी कॉलेजात जाऊन गणित शिकवावं तसे रोज शिकवत राहिले.

या कामात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. एकेका विधवेचं लग्न लावून प्रश्न सुटणारा नाही. तिला शिक्षण मिळालं, ती स्वतःच्या पायावर उभी राहिली, तर लग्न करायचं की नाही हे ती स्वतःच ठरवेल. म्हणून १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. आपली साठवलेली पुंजी आणि विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी त्या कामाला देऊन टाकली.

चिखलातली वाट

आता या गोष्टीतला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. पुण्यात प्लेगची साथ आली. आश्रमातल्या मुलींना शहरात ठेवणं धोक्याचं झालं. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी शहराबाहेर हिंगण्याला सहा एकर जागा दिली आणि १९०० साली तिथे एक झोपडी उभी राहिली. आजूबाजूला माळरान आणि शेतं.

आज डेक्कनवरून कर्वे रोडने कर्वेनगरला जायचं म्हणजे स्कूटीवर सिग्नल धरून अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात आपण किती वैतागतो! तेव्हा तिथे रस्ताच नव्हता. शेतातून जाणारी वाट, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. फर्ग्युसनमधले प्रोफेसर कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवायचे, मग आश्रमाला लागणारं सामान घेऊन त्या वाटेने सुमारे चार मैल चालत हिंगण्याला जायचे. तिथे मुलींना शिकवायचे, रात्री तिथेच झोपायचे आणि सकाळी परत चालत कॉलेजला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं किती दिवस? महिनोन् महिने. वय बेचाळीस, दिवसभराचं काम झालेलं, घरी बायको आणि मुलं.

या चालण्याचा कुणी फोटो काढला नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उलट बाहेरून टीकाच होत होती. कर्व्यांचं मोठेपण मोजायचं तर मला त्यांच्या पदव्यांपेक्षा ही वाट जवळची वाटते. बहिष्काराच्या दिवशी ताठ उभं राहणं एक वेळ जमतं, कारण त्या दिवशी अंगात एक प्रकारचा आवेश असतो. पण आवेश ओसरल्यावर, पावसात, सामान घेऊन, कुणी बघत नसताना, एकशे सत्ताविसाव्या दिवशी पुन्हा निघणं अवघड. चिवटपणा हा त्या एकशे सत्ताविसाव्या दिवशी कळतो.

आणखी एक गोष्ट. त्या वाटेवर चालताना त्यांच्यापुढचा प्रश्न अख्ख्या समाजाचा होता, पण त्या दिवसाचं काम छोटं होतं. सामान पोहोचवणं, आजचा धडा शिकवणं, हिशोब लिहिणं. वर्गणी मागायला जायचं तेव्हाही तसंच. मागायची लाज वाटायची, तरी सुट्ट्यांमध्ये गावोगाव फिरायचे. मिळेल ती रक्कम घ्यायची, मग ती किती का लहान असेना, आणि पैन् पैचा हिशोब ठेवायचा. डोंगर बघून छाती दडपली की आपण फोन उचलून स्क्रोल करायला लागतो. आजच्या दिवसापुरता तुकडा तोडून घेतला, की निदान पाऊल तरी पडतं.

किंमत कुणी मोजली?

इथपर्यंतची गोष्ट अनेकांना शाळेच्या पुस्तकातून थोडीफार माहीत असते. पण ती तिथेच थांबवली तर अर्धीच सांगितल्यासारखं होईल. कारण एकट्याच्या बळावर कुणी एवढं टिकत नाही, आणि टिकण्याची किंमत बरेचदा दुसरंच कुणी तरी भरत असतं.

आश्रम चालायचा तर लोकांनी आपल्या विधवा मुली विश्वासाने तिथे पाठवायला हव्या होत्या. आश्रमात गेली की तिचं लग्न लावून टाकतील, ही आईबापांना भीती. म्हणून कर्व्यांनी पुनर्विवाहाच्या प्रचाराचं काम सोडलं. आणि स्वतः पुनर्विवाह केलेल्या बायांना त्याच कारणाने आश्रमापासून लांब राहावं लागलं. जरा विचार करा. ज्या बाईने पुनर्विवाहाचं सगळं सोसलं, तिलाच नवऱ्याने विधवांसाठी काढलेल्या संस्थेत जागा नव्हती. नवरा रात्री हिंगण्याला, पैसा सगळा संस्थेकडे, आणि घर, मुलं, दुखणीखुपणी बायांच्या अंगावर. त्या गप्प बसणाऱ्या नव्हत्या. विम्याची पॉलिसी दिल्यावरून त्यांनी नवऱ्याशी भांडण केलं, आणि ते रास्तच होतं. पुढे त्या नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेऊन आल्या, म्हणजे संसाराला स्वतःचा हातभार लावता येईल. आपली कहाणी त्यांनी माझे पुराण या पुस्तकात सांगितली आहे. महर्षींचं चरित्र वाचलंत तर तेही वाचाच. नाण्याची दुसरी बाजू तिथे आहे.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही तरुणपणीच विधवा झालेल्या. त्या आश्रमात शिकल्या, तिथेच कामाला लागल्या आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करत हिंडल्या. इंग्रजी येत नाही म्हणून अडतं, तर ते शिकायला १९१८ च्या सुमारास त्या थेट अमेरिकेला गेल्या. हाताशी पैसा नाही, तेव्हा तिथल्या घरांमध्ये कामं करून राहिल्या. चाळिशी ओलांडलेली मराठी बाई, शंभर वर्षांपूर्वी, एकटी! आपण आयईएलटीएसच्या स्कोअरची काळजी करतो, तेव्हा त्यांची आठवण काढायला हरकत नाही.

म्हणजे कर्व्यांच्या चिवटपणामागे एक माणूस नव्हता, माणसांची एक साखळी होती. जागा देणारे गोखले, कॉलेजात बोलावणारे गोखले, नरहरपंत, पार्वतीबाई, आणि भांडत भांडत घर सांभाळणाऱ्या बाया. मी माझं बघून घेईन, कुणाला सांगायची गरज नाही, हा आपल्याकडे चिवटपणा समजला जातो. तो बहुतेक वेळा नुसता एकटेपणा असतो. मदत मागणं आणि ती वेळेवर घेणं हाही टिकण्याचाच भाग आहे. आणि आपण टिकून आहोत ते कुणाच्या जिवावर, हे अधूनमधून तपासणं हाही.

पाच मुलींचं विद्यापीठ

जपानमधल्या महिला विद्यापीठाबद्दलची एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती आली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषद भरली, तिचे ते अध्यक्ष होते. तिथे त्यांनी हिंदुस्थानातही स्त्रियांचं विद्यापीठ असावं ही कल्पना मांडली. तेव्हा त्यांचं वय सत्तावन्न. नोकरीतून मोकळे होऊन फार काळ झाला नव्हता. पुढच्या वर्षी, १९१६ मध्ये, विद्यापीठ सुरू झालं. कॉलेजच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या पाच.

पाच! आपल्या कॉलेजच्या एखाद्या इव्हेंटला पाच जण आले तर आपण तो कॅन्सल करतो. सरकारची मान्यता नाही, पैसा नाही. कर्वे पुन्हा वर्गणीची वही घेऊन फिरायला लागले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये द्यायचं कबूल केलं आणि त्यांच्या आईच्या नावावरून ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झालं. तेच आपलं एसएनडीटी. पण कायद्याने मान्यता मिळायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. तीस वर्षांहून जास्त काळ हे विद्यापीठ मान्यतेशिवाय चाललं, मुली शिकत राहिल्या.

त्यानंतर तरी आरामखुर्ची? छे. एकाहत्तराव्या वर्षी ते जगाच्या प्रवासाला निघाले, युरोप-अमेरिका-जपानमध्ये आपल्या विद्यापीठाची माहिती सांगत फिरले. तोच चारचौघांत बोलायला बुजणारा मुलगा! १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. १९४४ मध्ये जातिभेदाविरुद्ध समता संघ. १९५५ ला पद्मविभूषण, १९५८ ला शंभराव्या वर्षी भारतरत्न. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

आपल्यापुरतं

हे सगळं वाचून दडपून जायचं कारण नाही. आपल्याला कुणी विद्यापीठ काढायला सांगितलेलं नाही. आपले अडसर वेगळे आहेत. केटी लागते, प्लेसमेंटच्या लिस्टमध्ये नाव नसतं, घरी पैशांची ओढाताण असते, जवळचं माणूस अचानक जातं किंवा बोलेनासं होतं. त्यातलं काहीही क्षुल्लक नाही. आणि कधी मन इतकं खचतं की पाऊलच उचलत नाही, तेव्हा डॉक्टरकडे किंवा काउन्सेलरकडे जावं. त्याने चिवटपणा कमी ठरत नाही.

पण इतर साध्या, वाईट दिवसांसाठी साताऱ्याहून परत फिरलेला तो सतरा वर्षांचा मुलगा आठवावा. तुझा चेहरा लहान दिसतो, हा साहेबांचा निकाल होता. त्याच्या अभ्यासाचा निकाल तो नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या, की पुढच्या वर्षीचा फॉर्म भरता येतो.

हिंगण्याच्या त्या माळरानाला आता कर्वेनगर म्हणतात. झोपडीच्या जागी मोठी शिक्षणसंस्था उभी आहे, मुलींचं इंजिनीअरिंग कॉलेजसुद्धा आहे. तिथे आत्ता, या क्षणी, कुणी तरी मुलगी रिझल्टची पीडीएफ उघडून बसली असेल. मॅथ्स गेलं असेल तिचं. ती थोडं रडेल, मैत्रिणीला फोन करेल, चहा पिईल आणि परीक्षेचा फॉर्म परत भरेल.

गणिताच्या प्रोफेसर कर्व्यांना यात विशेष असं काही वाटलं नसतं.